वहीतली नोंद आणि उद्याचा तास: सातत्यपूर्ण सर्वंकष मूल्यमापन वर्गात खरोखर कसं करायचं

चौथीच्या वर्गात फळ्यावर एक वजाबाकी लिहा: ४०३ − १६८. वह्या गोळा केल्यावर २३५ हे बरोबर उत्तर बऱ्याच वह्यांत सापडेल. उरलेल्या वह्यांत तीन उत्तरं पुन्हा पुन्हा दिसतील: ३६५, २६५ आणि ३३५. वार्षिक परीक्षेत तिन्हींवर सारखीच लाल फुली आणि शून्य गुण. पण ही तीन मुलं तीन वेगळ्या ठिकाणी अडलेली आहेत.

३६५ लिहिणारं मूल प्रत्येक घरात मोठ्या अंकातून लहान अंक वजा करतंय. आठातून तीन गेले पाच, सहातून शून्य गेलं सहा. वरची संख्या ही एक अख्खी रास आहे आणि तिच्यातून काढून घ्यायचंय, हे त्याला अजून उमगलेलं नाही. २६५ लिहिणाऱ्याने शतकाकडून उसनं घेतलं, पण दशकाचं घर ओलांडून थेट एककाला देऊन टाकलं आणि दशकात शून्यातून सहा जात नाहीत म्हणून सहाच लिहिले. ३३५ लिहिणारं मूल तर दारापर्यंत आलंय. दशकात नऊ राहतात हे त्याच्या लक्षात आहे, फक्त ते आले कुठून हे विसरल्यामुळे शतकाचे चार तसेच राहिले.

पहिल्याला काड्यांचे गठ्ठे सोडून बसवावं लागेल. दुसऱ्याला खेळातल्या नोटा द्यायच्या: शंभराची एक मोडून दहाच्या दहा नोटा, मग त्यातली एक मोडून रुपयाची दहा नाणी. तिसऱ्याला एवढंच सांगायचं, की तुझ्या उत्तरात १६८ मिळवून बघ, ४०३ येतात का. दहा मिनिटांचं काम आहे, पण ते त्याच आठवड्यात व्हायला हवं. परीक्षा एप्रिलमध्ये, निकाल १ मेला आणि उत्तरपत्रिकांचा गठ्ठा कपाटात गेला, तर ही तिन्ही मुलं तीच चूक घेऊन पाचवीत जाऊन बसतात.

मी वीसहून जास्त वर्षं प्राथमिक वर्गांना शिकवते आहे. या लेखात जे लिहिते आहे ते वर्गशिक्षकांसाठी, आणि थोडं मुख्याध्यापकांसाठी. सगळ्याचा गाभा एकाच प्रश्नात आहे: मी आज मुलाविषयी जे लिहिलं, त्यामुळे उद्याचा माझा तास बदलला का? बदलला असेल तर ते मूल्यमापन. नसेल, तर ती फाईल.

नियम काय आहे, थोडक्यात

शिक्षणहक्क कायदा १ एप्रिल २०१० पासून लागू झाला. मुलांचं मूल्यमापन सर्वंकष आणि सातत्यपूर्ण असावं, असं त्याच्या कलम २९ मध्येच आहे. त्यानुसार महाराष्ट्राने २० ऑगस्ट २०१० च्या शासन निर्णयाने पहिली ते आठवीसाठी पद्धत ठरवली. आकारिक म्हणजे शिकत असताना होणारं आणि संकलित म्हणजे सत्राच्या शेवटी होणारं, असे तिचे दोन भाग. वर्ग जितका लहान तितका आकारिकचा वाटा मोठा: पहिली-दुसरीला ७० टक्के, तिसरी-चौथीला ६०, पाचवी-सहावीला ५०, सातवी-आठवीला ४०. उरलेला वाटा संकलितचा. कला, कार्यानुभव आणि शारीरिक शिक्षण पूर्णपणे आकारिक.

योजना म्हणून मला ती आजही चांगली वाटते. बिघडलं ते अंमलबजावणीत. बाजारात ‘वर्णनात्मक नोंदी’ नावाच्या तयार पुस्तिका आल्या, पुढे त्यांच्या पीडीएफ व्हॉट्सॲपवर फिरू लागल्या आणि वर्षअखेरीस एका बैठकीत तीस मुलांच्या नोंदी उतरवून काढल्या जाऊ लागल्या. सुरुवातीची दोन वर्षं मीही हेच केलं. एकदा पालकसभेत एका आईने प्रगतिपत्रकावरचं ‘कवितागायनात विशेष रस घेते’ हे वाक्य वाचलं आणि म्हणाली, “बाई, माझी पोरगी तर वर्गात तोंडच उघडत नाही म्हणता ना तुम्ही?” त्या दिवसापासून मी पुस्तिका बाजूला ठेवली.

जून: आधी यादी लहान करा

अध्ययन निष्पत्तींची, म्हणजे त्या इयत्तेत मुलाला काय काय यायला हवं त्याची, पूर्ण यादी समोर ठेवून कुणालाच रोज निरीक्षण करता येत नाही. म्हणून पहिल्या आठवड्यात प्रत्येक विषयातल्या पाच-सहा गोष्टी निवडा, ज्या आल्या नाहीत तर पुढचं सगळं अडतं. तिसरीच्या मराठीत माझी यादी अशी असते: जोडाक्षरांसह परिच्छेद न अडखळता वाचणं, वाचलेल्याचा अर्थ आपल्या शब्दांत सांगणं, ऐकलेली चार-पाच वाक्यं लिहिणं, स्वतःच्या अनुभवावर सलग पाच वाक्यं लिहिणं, अनोळखी माणसाला प्रश्न विचारता येणं. शेवटचं कुठल्याच लेखी पेपरात तपासलं जात नाही, पण मुलाच्या आयुष्यात त्याचा उपयोग सगळ्यात जास्त आहे, म्हणून ते माझ्या यादीत पक्कं.

प्रत्येक गोष्ट अशी लिहा की ती डोळ्याला दिसेल किंवा कानाला ऐकू येईल. ‘अपूर्णांकाचे आकलन आहे’ हे दिसत नाही. ‘भाकरीचे चार सारखे भाग करून त्यातले तीन दाखवतो आणि ३/४ लिहितो’ हे दिसतं.

मग पहिल्या पंधरवड्यात प्रत्येक मुलाला एकेकटं जवळ बसवून ऐका. पट तीस असेल आणि एका मुलाला पाच मिनिटं दिली, तर रोज पाच मुलं धरून सहा दिवसांत वर्ग पूर्ण होतो. बाकीची मुलं तेवढा वेळ चित्र काढतील, पाढे लिहितील, वाचनपेटीतली पुस्तकं चाळतील. वाचायला मागच्या इयत्तेचा, मुलाने पाठ न केलेला उतारा द्या. पाठ्यपुस्तकातला पहिला धडा देऊ नका, तो निम्म्या मुलांना तोंडपाठ असतो.

ऐकताना एक काळजी. घरी अहिराणी, वारली, कोरकू, गोंडी किंवा पावरी बोलणाऱ्या मुलाचे उच्चार शाळेच्या मराठीपेक्षा वेगळे येणारच. ‘पाणी’ला ‘पानी’ म्हटलं म्हणून वाचन कच्चं ठरत नाही. त्याने शब्द ओळखला का आणि त्याचा अर्थ लागला का, हे बघायचं. प्रश्नाचं उत्तर घरच्या बोलीत आलं तरी ते उत्तरच आहे. तुम्हाला ती बोली येत नसेल तर वर्गातलंच दुसरं मूल सांगेल.

रोजची नोंद: पाच मुलं, एक वही

सगळ्यात जास्त गोंधळ इथे होतो, म्हणून इथे थोडं थांबते.

रोज सगळ्या मुलांची नोंद करायला जाऊ नका. हजेरीपटातली पाच नावं सकाळीच ठरवा आणि दिवसभर त्यांच्याकडे जरा जास्त लक्ष ठेवा. तीसच्या पटाला सहा दिवसांत एक फेरी होते. पहिली ते पाचवीला कायद्याने वर्षाचे किमान २०० दिवस शाळा भरायची असते, म्हणजे प्रत्येक मूल वर्षभरात तीसेक वेळा तुमच्या नजरेखाली नीट येतं. गैरहजेरी, सभा, सर्वेक्षणाची कामं, निवडणूक ड्युटी हे सगळं वजा केलं तरी पंधरा-वीस नोंदी हाताशी राहतात. एका मुलाविषयी पंधरा खऱ्या नोंदी म्हणजे मोठा ऐवज आहे. पट साठ असेल तर फेरीला बारा दिवस लागतील. लागू द्या, पण रोजचे पाच सोडू नका.

शंभर पानी साधी वही घ्या. प्रत्येक मुलाला तीन पानं. नोंदीत तीनच गोष्टी: तारीख, काय दिसलं, मी काय करणार. माझ्या वहीतल्या तीन नोंदी मासल्याला देते, नावं काढून.

‘१२ जुलै. वाचताना ‘सूर्य’ला ‘सूय’, ‘पर्वत’ला ‘पवत’. ‘प्रकाश’ आणि ‘राष्ट्र’ मात्र बरोबर. फक्त रफार अडतोय. उद्या रफाराच्या दहा शब्दपट्ट्या, शेजारणीसोबत.’

‘३ ऑगस्ट. मधल्या सुट्टीत गोट्यांचा हिशेब तोंडी बिनचूक, ४७ मधून १९. पाटीवर तीच वजाबाकी चुकली. डोक्यात येतंय, मांडणीत घोळ. आधी तोंडी करायला लावून मग लिहून घ्यायचं.’

‘१९ सप्टेंबर. गटात काहीच बोलली नाही. नंतर एकटीला विचारलं तर पूर्ण गोष्ट सांगितली. पुढच्या आठवड्यात दोघींचाच गट.’

या नोंदींत ‘हुशार’, ‘आळशी’, ‘प्रगती समाधानकारक’ असं काही नाही. तो मुलाविषयीचा निवाडा झाला आणि निवाड्यातून उद्या काय करायचं ते कळत नाही. रफाराची नोंद बघा. र जोडाक्षरात चार रूपांनी येतो: सूर्यातला, प्रकाशातला, राष्ट्रातला आणि पुऱ्यांमधला. ‘जोडाक्षरे वाचता येत नाहीत’ असं लिहिलं असतं तर मी त्या मुलाला सगळी जोडाक्षरं पुन्हा पहिल्यापासून घासायला लावली असती. अडचण चौथाई होती.

नोंद मुलांसमोर वही उघडून लिहू नका. मधल्या सुट्टीत किंवा शेवटच्या तासाला दहा मिनिटं पुरतात. पाच ओळी लिहायच्या असतात. आणि ज्या दिवशी काहीच दिसलं नाही त्या दिवशी काही लिहू नका. रकाना भरण्यासाठी लिहिलेली एक नोंद पुढच्या दहा नोंदींवरचा आपला स्वतःचाच विश्वास घालवते.

साधनतंत्रं: कोणतं कशासाठी

शासन निर्णयात आकारिक मूल्यमापनाची साधनं दिली आहेत: दैनंदिन निरीक्षण, तोंडीकाम, प्रात्यक्षिक किंवा प्रयोग, उपक्रम, प्रकल्प, चाचणी, स्वाध्याय आणि इतर. प्रत्येक विषयात सगळी वापरायचा अट्टहास नको. जे तपासायचंय त्याला साजेसं साधन घ्या. मराठीत तोंडीकामाला वजन द्या, विज्ञानात प्रयोगाला, गणितात वर्गातच सोडवलेल्या स्वाध्यायाला.

प्रकल्पाविषयी स्पष्ट बोलते. स्टेशनरीच्या दुकानातून आणलेले तक्ते, थर्माकोलचा किल्ला आणि रात्री जागून आईने केलेली सजावट यातून मुलाविषयी काहीही कळत नाही. कळतो तो घरचा खिसा. प्रकल्प शाळेच्या वेळेत, शाळेच्या आवारात आणि फुकटच्या सामानात झाला पाहिजे. पावसाळ्यात सरळ उभ्या कडेची बाटली कापून पर्जन्यमापक करा. तळ वाकडा असतो म्हणून त्यात खडे आणि पाणी घालून शून्याची खूण आखा, रोज सकाळी परिपाठाआधी मिलिमीटर मोजा, जुलै-ऑगस्टच्या नोंदींचा स्तंभालेख काढा. मोजमाप, दशांश, आलेख, आणि शेवटी ‘कुठल्या आठवड्यात पेरण्या खोळंबल्या?’ हा प्रश्न घरी विचारून यायचा. गणित, परिसर अभ्यास आणि भाषा एकाच कामात बघता येतात. गावातल्या आठवडी बाजाराचंही तसंच. चार भाज्यांचे भाव तीन आठवडे लिहून आणा आणि फरक सांगा.

पुस्तकासह चाचणी हे साधन फार कमी शाळांत वापरलं जातं, आणि मला ते सगळ्यात आवडतं. पुस्तक उघडं ठेवून उत्तर लिहायचं म्हटल्यावर ‘गाळलेल्या जागा भरा’ला अर्थच उरत नाही. प्रश्न बदलावा लागतो. ‘शिवनेरी कुठल्या जिल्ह्यात आहे?’ ऐवजी ‘धड्यातला नकाशा बघून सांग, हा किल्ला राखायला सोपा का असावा?’ असा. पहिल्यांदा मुलं गांगरतात, पानं उलटत राहतात. तिसऱ्या वेळेपर्यंत ती खुणा करून वाचायला लागतात.

चाचणी घ्या, पण गठ्ठे वेगळे लावा

सातत्यपूर्ण मूल्यमापन म्हणजे चाचणी नको, असा गैरसमज पसरला आणि त्याने नुकसान केलं. छोटी चाचणी उत्तम असते. दर दोन-तीन आठवड्यांनी, वेळापत्रक न लावता, एका घटकावर पाच-सहा प्रश्न, वीस मिनिटं. वेळापत्रक लागलं की शिकवणीचे वर्ग सुरू होतात, मुलं ताप काढतात आणि ती पुन्हा गुणांसाठीची जुनी घटक चाचणी होते.

तपासताना गुणांनुसार गठ्ठा लावू नका, चुकीनुसार लावा. लेखाच्या सुरुवातीची वजाबाकी आठवा: ३६५ वाले एका बाजूला, २६५ वाले दुसऱ्या, ३३५ वाले तिसऱ्या. दुसऱ्या दिवशीचे गट आपोआप तयार. ज्यांचं बरोबर आलं त्यांना त्याच घटकातलं अवघड काम द्या, उदाहरणार्थ ‘उत्तर २३५ येईल अशा तीन वजाबाक्या तयार कर’. हे गट एका घटकापुरते असतात. कायमचे ‘कच्चे’ आणि ‘पक्के’ बाक लावले की मुलं वर्षभर त्याच बाकाची होऊन बसतात.

एका चुकीच्या उत्तरापाशी बसून मुलाला फक्त “हे कसं केलंस, मला सांग” एवढं विचारा आणि गप्प राहा. पहिला अर्धा मिनिट अवघड जातो, मदत करायची ऊर्मी येते. थांबा. मुलाच्या सांगण्यातच अडलेली जागा सापडते, आणि सांगता सांगता पुष्कळदा त्याची त्यालाच सापडते.

वही परत देताना गुण लिहायचे की शेरा? रूथ बटलर या संशोधिकेने १९८८ मध्ये इस्रायलमधल्या शाळकरी मुलांवरचा अभ्यास प्रसिद्ध केला. काहींना फक्त गुण, काहींना फक्त शेरा, काहींना दोन्ही. पुढच्या कामात सुधारणा आणि आवड दिसली ती फक्त शेरा मिळालेल्यांत. गुण आणि शेरा दोन्ही मिळालेल्यांचं गुणांसारखंच झालं. माझा वर्गातला अनुभव तोच सांगतो: दहापैकी सहा दिसले की मूल शेजाऱ्याचे किती ते बघतं, खालचं वाक्य वाचत नाही. म्हणून मी आकारिक चाचणीचे गुण माझ्या वहीत ठेवते. मुलाच्या वहीत एकच वाक्य, आणि ते वाचून त्याने लगेच काहीतरी करायचं: ‘दुसऱ्या परिच्छेदात कोण बोलतंय ते कळत नाही. अवतरणचिन्हं घालून पुन्हा लिही.’ पुन्हा लिहायला त्याच तासात दहा मिनिटं द्या. घरी सांगितलं तर होत नाही.

मुलाने स्वतःला तपासणं

तिसरीपासून हे सहज जमतं. लिखाणाआधीच वर्गासमोर ठरवायचं की चांगल्या अनुभवलेखनात काय असतं. मुलंच सांगतात: कधी घडलं ते कळतं, नुसतं ‘मजा आली’ नाही तर काय मजा आली ते येतं, वाक्यं संपतात तिथे पूर्णविराम असतो. हे फळ्याच्या कडेला लिहून ठेवा. लिहून झाल्यावर प्रत्येकाने आपल्या लिखाणात या तिन्ही गोष्टींखाली पेन्सिलने रेघ मारायची. सापडली नाही तर घालायची.

सहाध्यायी मूल्यमापनात, म्हणजे मुलं एकमेकांचं काम बघतात तेव्हा, एक नियम कडक पाळा: आधी काय आवडलं ते सांगायचं, मग एक प्रश्न विचारायचा. चूक दाखवायची नाही. प्रश्न विचारला की समोरचं मूल स्वतः चूक बघतं. मुलांना एकमेकांना गुण द्यायला कधीही लावू नका. मैत्री आणि भांडणं त्यात उतरतात, आणि गावात असतील तर जातीही उतरतात.

संचिकेसाठी, म्हणजे मुलाच्या निवडक कामाच्या फायलीसाठी, मी मुलामागे सत्राला पाचच कागद ठेवते, तीन माझ्या निवडीचे, दोन मुलाच्या. प्रत्येकावर तारीख. जूनमधलं पाच वाक्यांचं लिखाण आणि डिसेंबरमधलं लिखाण शेजारी ठेवलं की मुलाला जे दिसतं ते कुठल्याही श्रेणीत दिसत नाही.

सत्राअखेर: आकडे आणि श्रेणी

इथे फार वेळ घालवू नका. उदाहरण घ्या. चौथीतल्या मुलाला गणितात आकारिकमध्ये ६० पैकी ४१ आणि संकलितमध्ये ४० पैकी २२ मिळाले. बेरीज ६३, श्रेणी ब-२. श्रेणींचे टप्पे ठरलेले आहेत: ९१ ते १०० अ-१, ८१ ते ९० अ-२, ७१ ते ८० ब-१, ६१ ते ७० ब-२, ५१ ते ६० क-१, ४१ ते ५० क-२, ३३ ते ४० ड, २१ ते ३२ इ-१, २० आणि त्याखाली इ-२. ड च्या खाली राहिलेल्या मुलाला जादा मार्गदर्शन देऊन किमान ड पर्यंत आणणं ही शाळेची जबाबदारी आहे. हे वाक्य कागदावर सगळ्यांना माहीत असतं. पण मे महिन्यात ते करता येत नाही. दिवाळीच्या आधीच्या संकलितनंतर लगेच, नोव्हेंबरमध्ये त्या मुलांची यादी काढली तरच होतं.

आकारिकचे गुण खैरातीसारखे वाटू नका. आकारिकमध्ये सगळ्यांना ५५ च्या पुढे आणि संकलितमध्ये निम्म्या वर्गाला १५ च्या खाली, असं निकालपत्रक दिसलं की समजावं, वर्षभर काही पाहिलेलं नाही. दहावीत हे राज्याने मोठ्या प्रमाणावर पाहिलं. २०१९ मध्ये भाषा विषयांच्या तोंडी परीक्षेचे शाळेकडचे गुण काढले गेले, अभ्यासक्रमही नवा होता, आणि निकाल आदल्या वर्षीच्या ८९.४१ टक्क्यांवरून ७७.१० वर आला. पुढे ते गुण परत सुरू झाले. शाळेने दिलेल्या गुणांवर लोकांचा विश्वास का बसत नाही, याचं उत्तर आपणच वर्षानुवर्षं लिहिलेल्या वीसपैकी वीसमध्ये आहे. तो विश्वास परत मिळवायचा असेल तर आकारिकचा प्रत्येक आकडा वहीतल्या नोंदीवर बोट ठेवून दाखवता आला पाहिजे.

प्रगतिपत्रकावर वर्णनात्मक नोंदींचे तीन रकाने असतात: विशेष प्रगती, आवड किंवा छंद, सुधारणा आवश्यक. वही नीट ठेवली असेल तर तीन रकान्यांना मुलामागे पाच मिनिटं लागतात. ‘वाचन सुधारणे आवश्यक’ऐवजी ‘रफाराचे शब्द सोडून सगळं वाचते, रोज घरी एक गोष्ट मोठ्याने वाचावी’. पालकाला घरी काय करायचं ते या वाक्यातून कळतं.

पालक

पालकसभेत पहिला प्रश्न ठरलेला: “बाई, पण नंबर कितवा?” त्यावर तत्त्वज्ञान सांगू नका. संचिका उघडा, जूनचा आणि आताचा कागद समोर ठेवा. निरक्षर आजीलाही अक्षरांतला फरक दिसतो. मग मुलालाच दोन मिनिटं बोलू द्या, की मला काय येतं आणि काय शिकतोय. सभा शनिवारी सकाळी किंवा शेतीची कामं नसतील अशा वेळी ठेवा, आणि तीस पालकांना एकदम बोलावण्यापेक्षा दहा-दहा करून बोलवा.

पाचवी आणि आठवी

शिक्षणहक्क कायद्यातल्या २०१९ च्या दुरुस्तीने पाचवी आणि आठवीत वार्षिक परीक्षा आली आणि नापास मुलांना त्याच वर्गात ठेवायची राज्यांना मुभा मिळाली. महाराष्ट्राने डिसेंबर २०२३ च्या शासन निर्णयाने २०२३-२४ पासून ती सुरू केली. पाचवीला विषयाला ५० गुण, उत्तीर्ण व्हायला १८. आठवीला ६० आणि २१. नापास झालं तर जादा मार्गदर्शन आणि पुनर्परीक्षा, त्यातही नाही झालं तर त्याच वर्गात.

या निर्णयाने सातत्यपूर्ण मूल्यमापन संपलं, असं काही शाळांनी धरलं आणि जानेवारीपासून सराव प्रश्नपत्रिकांचा मारा सुरू केला. मला हे चुकीचं वाटतं. पाचवीत १८ गुणांना मुकणारं मूल जूनच्या पहिल्या पंधरवड्यातच ओळखू येतं. त्याला तिसरीचा उतारा वाचता येत नसतो. त्याच्यासाठी जानेवारीतली सराव प्रश्नपत्रिका म्हणजे न वाचता येणाऱ्या आणखी चार कागदांची भर. जूनपासून रोज अर्धा तास त्याच्या पातळीवरचं वाचन, हाच त्याच्या परीक्षेचा अभ्यास. प्रश्नपत्रिकेच्या स्वरूपाची ओळख करून द्यायला फेब्रुवारीतले आठ दिवस पुरतात.

मुख्याध्यापक आणि केंद्रप्रमुखांसाठी

वर्गभेटीत नोंदवही किती भरली हे बघू नका. कुठलीही एक नोंद निवडा आणि विचारा, “याच्यानंतर तुम्ही काय केलंत?” आणि मग त्या मुलाला बोलावून वाचायला लावा. महिन्याच्या शिक्षण परिषदेत दोन शिक्षकांनी आपापल्या वहीतली एकेक अडलेली नोंद वाचून दाखवावी, बाकीच्यांनी उपाय सुचवावेत. तयार पुस्तिकेतून उतरवलेलं तिथे लगेच उघडं पडतं, कुणाला रागवावं लागत नाही. आणि शिक्षकाने खरी नोंद केली म्हणून, ‘अजून वाचता येत नाही’ असं प्रामाणिकपणे लिहिलं म्हणून त्याला कारणे दाखवा नोटीस मिळणार असेल, तर पुढच्या महिन्यापासून सगळ्या वह्यांत सगळी मुलं वाचू लागतील.

२०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने समग्र प्रगतिपत्रकाची कल्पना मांडली, ज्यात शिक्षकासोबत मूल स्वतः, त्याचे सोबती आणि पालकही मूल्यमापनात येतात. २०२३ मध्ये स्थापन झालेल्या ‘परख’ या राष्ट्रीय केंद्राने त्याचे नमुने तयार केले आहेत. त्यात पानं बरीच आहेत, रकानेही बरेच. ते भरायला वेगळी वही काढू नका. रोजची पाच मुलांची वही, मुलांनी रेघा मारलेलं लिखाण आणि पालकसभेत पालक जे बोलले त्याच्या चार ओळी, एवढ्यातून ते भरता येतं. उलट्या क्रमाने, म्हणजे आधी पत्रक आणि मग त्यासाठी माहिती, असं केलं की २०१० नंतर झालं तेच पुन्हा होईल.

एप्रिलअखेर: वही पुढे द्या

शेवटचं काम बहुतेक शाळांत राहून जातं. निकाल लागला की वर्गशिक्षक बदलतो आणि जूनमध्ये नवीन शिक्षक पहिल्यापासून सुरुवात करतो. प्रत्येक मुलाच्या तिसऱ्या पानाच्या शेवटी तीन ओळी लिहा: आता नक्की काय येतं, कुठे अडतं, आणि त्याच्यासोबत काय करून बघितलं तेव्हा उपयोग झाला. ती रफारावर अडणारी मुलगी पाचवीत गेली तेव्हा मी लिहिलं होतं: ‘वाचन सुटलं आहे. लिहिताना रफार अजून कधी कधी पुढच्या अक्षरावर जातो. फळ्यावर चुकलेलं सांगितलं की गप्प होते. शेजारणीकडून तपासून घेतलं की स्वतः दुरुस्त करते. पावसाच्या नोंदी तिनेच वर्षभर ठेवल्या, पर्जन्यमापकाची जागा तिला विचारा.’